मालनबाईची जर्मन भांडी

मालनबाई कासारणीचा राग पाहिला नाही असा माणूस बेलापुरात सापडणं कठीण होतं. बांगड्या भरताना बाईने हात आखडला की ती रागवायची, हात फार सैल सोडला तरी रागवायची, आणि कोणी भाव करायला लागली की पेटी मिटून सरळ ओट्यावरून उठायची. तरी बायका तिच्याकडेच येत. तिच्या हातून बांगडी चढताना दुखत नसे, मग ती कितीही अरुंद का असेना. जिभेचा सगळा मऊपणा देवाने हिच्या बोटांत घातलाय, असं गावात म्हणत. तिच्या तोंडावर म्हणायची अर्थात कोणाची टाप नव्हती.

राग जुना होता. नवरा कानिफनाथ गेला तेव्हा ती पंचविशीची होती आणि बन्सी वर्षाचा, कडेवर. दहाव्याला जावांनी तिचे हात पाट्यावर ठेवले आणि मनगटातल्या हिरव्या बांगड्या दगडाने फोडल्या. आपल्याकडे बांगडी फुटली असं म्हणत नाहीत, वाढली म्हणतात. कासाराच्या घरात तर फुटली हा शब्दच अपशकुनाचा. मालनबाई मात्र पुढे जन्मभर 'माझ्या फोडल्या' असंच म्हणत राहिली. ज्याला ऐकायला वाईट वाटेल त्याने ऐकू नये, असा तिचा खाक्या होता.

दीर म्हणाले, घरात बस. ती बसली नाही. सासऱ्यांची पेटी तिने डोक्यावर घेतली आणि बाजारचे वार धरले. पंचक्रोशीतल्या सगळ्या बायकांच्या हातांत काच भरायची आणि आपले हात बोडके ठेवायचे, हा धंदा तिने पंचवीस वर्षं केला. त्यातही लग्नघरी गेलं की नवरीला पहिली बांगडी सवाष्णीने चढवायची आणि बाकीचा चुडा मालनबाईने भरायचा. ती काही बोलायची नाही. पण अशा दिवशी घरी आली की तिच्या वाटेला कोणी जात नसे, मांजरसुद्धा नाही.

पहिलं भांडं तिला मिळालं ते असंच. साखर कारखान्याचा गोरा साहेब विलायतेला परत गेला होता आणि जाताना मडमेने नको असलेलं सामान पोरं सांभाळणाऱ्या आयेला देऊन टाकलं होतं. आयेच्या लेकीच्या लग्नात मालनबाई चुडा भरायला गेली, तर मोरीत एका वाडग्यात राखुंडी ठेवलेली. वाडग्यावर उन्हाची तिरीप पडली होती. पाण्यावर रॉकेलचा तवंग आला की कसे रंग हलतात, तसे त्या काचेवर हलत होते. आधी निळा, मान जरा वळवली की जांभळा, मग तांब्याचा आणि मग हिरवा. मालनबाईने बांगड्यांचा मोबदला म्हणून तो वाडगा मागितला. आयेला वाटलं, बाई चेष्टा करतेय.

त्या रात्री नाही, पण दुसऱ्या दिवशी बन्सीला झोपवून तिने तो वाडगा चिंचेने घासला आणि दुपारभर नुसता मांडीवर घेऊन बसली. विधवेने हातात काच घालू नये असं सगळ्यांनी सांगितलं होतं. मांडीवर घेऊ नये असं कोणी सांगितलं नव्हतं.

मग तिला नादच लागला. बांगड्या भरायला कुठल्याही घरात शिरली की तिची नजर फळीवर आणि कोनाड्यात आधी जाई. एक पसरट ताटली तिने कोंबड्यांच्या पुढून उचलली, त्यांना तीत पाणी ठेवलेलं होतं. एक फुलदाणी मिशनच्या दवाखान्यातल्या म्हाताऱ्या नर्सकडून आणली. एक साखरदाणी संगमनेरच्या बाजारात जुन्या कुलपांच्या ढिगाखाली सापडली. वीस-बावीस वर्षांत अशी नऊ भांडी जमली आणि फडताळात झाकून राहिली. घरात त्यांना 'मोरपंखी' म्हणत, आणि लहान बन्सीला मोरपंखीकडे बोट दाखवायचीसुद्धा परवानगी नव्हती.

ओळखण्याची तिची स्वतःची रीत होती. अशी चमकणारी काच आपल्या देशातही व्हायला लागली होती, बाजारात तिचे पेले मिळत. मालनबाई आधी नखाने टिचकी मारून कान लावायची. मग आतल्या अंगावरून बोट फिरवायची, कारण हलक्या भांड्याला चमक बाहेरूनच असते, आतून ते उघडं पडतं. मग पालथं करून बुडाची कड तपासायची. चांगल्या भांड्याच्या बुडाला जाड काचेची चकती असते आणि तिची कड घासून अशी सपाट केलेली असते की बोटाला कुठे ओरखडा येत नाही. एवढ्यावर ती निकाल द्यायची आणि तो चुकायचा नाही.

एकाहत्तरच्या दिवाळीनंतर एक गृहस्थ तिचं घर शोधत आले. संगमनेरच्या कॉलेजात रसायनशास्त्र शिकवणारे राधाकृष्ण मुळे. त्यांनाही हाच नाद होता, आणि जिल्ह्यातल्या जुन्या घरांतून ते अशी काच शोधत हिंडत. पण चार घरांत त्यांना एकच उत्तर मिळालं होतं, ते भांडं कासारणीने नेलं. शेवटी ते कासारणीकडेच आले.

मालनबाईने आधी त्यांना उंबऱ्याबाहेर उभं करून बरंच काही ऐकवलं. मग त्यांनी पिशवीतून आपला एक पेला काढला आणि दाखवला, तेव्हा तिचा हात आपोआप पुढे झाला. टिचकी मारली, आत बोट फिरवलं आणि म्हणाली, हा फिरोजाबादी हाय, तुम्हाला फसवलं. मुळे सरांनी चष्मा काढून पेला पुन्हा पाहिला आणि त्यांचा चेहरा उतरला. त्यानंतर तिने त्यांना घरात घेतलं.

सरांनी नऊच्या नऊ भांडी दारात नेऊन बुडाकडून सूर्यावर धरली. वरून मोराच्या मानेसारखं दिसणारं भांडं बुडातून पाहिलं की खोल निळं दिसत होतं, आणि सर सांगत होते की काचेचा खरा रंग बुडातच कळतो. वरची चमक नंतरची, काच गरम असतानाच धातूच्या क्षारांची वाफ देऊन चढवलेली. नक्षीच्या कडा किती धारदार आहेत, हेही त्यांनी दाखवलं. मग म्हणाले, "मालनबाई, हे सगळं जर्मन आहे. लढाईच्या आधीचं. असा संग्रह मी पुण्यातसुद्धा पाहिला नाही."

त्यांनी विकत मागितली, तेव्हा त्यांना पुन्हा उंबऱ्याबाहेर जावं लागलं. भांडी तिने दिली नाहीत. शब्द मात्र ठेवून घेतला.

त्या दिवसापासून मोरपंखी बंद झालं. वीस वर्षं ज्याला लोक मोरीतला वाडगा न् कोंबड्यांची ताटली म्हणून हसले, त्याला आता नाव होतं, आणि ते कॉलेजातल्या माणसाने दिलेलं होतं. बन्सी एकदा सवयीने मोरपंखी म्हणाला, तर तिने त्याला जेवत्या ताटावर झापलं. "जर्मन म्हन. मोरपंखी काय, पोरांचं खेळनं हाय?"

त्र्याहत्तरच्या चैत्रात बन्सीचं लग्न झालं. दुष्काळ ऐन भरात होता, म्हणून लग्न पाच माणसांत उरकलं. पोरगी पाथर्डीकडची, भीमाबाई, कासाराचीच. पण बापाचा धंदा बसला होता. बायकांना ज्वारी मिळेना, तिथे बांगड्या कोण भरणार? वर्षभर बाप आणि लेक दोघं सरकारी कामावर खडी फोडत होते. भीमा घरात आली ती उन्हाने रापलेली, हाताला घट्टे पडलेले, आणि मान खाली.

मालनबाईने तिला काही मारलं-बिरलं नाही. फक्त सकाळपासून दिवेलागणीपर्यंत ती बोलत राहायची. भाकरी जाड झाली, पाणी सांडलं, कडी वाजली. दुसऱ्या आठवड्यात भीमाने विचारलं, आत्याबाई, आमटीत मीठ किती घालू? मालनबाई म्हणाली, "तुझ्या आयनं तुला काय शिकवलं मग, नुसती खडी फोडायला?" आणि तीन दिवस तिच्याशी बोलली नाही. चौथ्या दिवशी तिचा राग गेला, कारण तो तसा जायचाच. भीमाने मात्र त्यानंतर एकही प्रश्न विचारला नाही. मालनबाईला वाटलं, पोरगी शहाणी व्हायला लागली.

वैशाखात केडगावच्या एका बागायतदाराकडे दोन लग्नं लागोपाठ होती. विहिरीला पाणी असलेलं ते एकच घर असावं. मालनबाई आठ दिवसांसाठी निघाली, पेटी उचलायला बन्सीला बरोबर घेतलं. आता, कासाराच्या घरात फुटक्या बांगड्यांचं पोतं असतंच. श्रीरामपूरचा सूर्यभान ती काच घेऊन जायचा आणि पुढे भट्टीला पाठवायचा, तिची पुन्हा काच व्हायची. त्याचा टेम्पो त्याच आठवड्यात यायचा होता आणि पोतं अर्धंच भरलं होतं. स्टँडवर निघता निघता मालनबाईने दारातून सुनेला हुकूम दिला. फडताळ मोकळं कर. बाटल्या, चिमण्या, फुटका आरसा, काचेचं जे जे सापडंल ते बारीक फोडून पोत्यात भर, सूर्यभान सबंध काच घेत नाही. "माझी जर्मनची भांडी तेवढी जपून ठेव. त्यांना काय झालं तर तुझी धडगत न्हाई."

भीमाने मान हलवली. एसटीची वेळ झाली होती.

आठ दिवसांनी मालनबाई परत आली तीच जरा बऱ्या मनाने. बागायतदाराच्या आईने दुसऱ्या लग्नात पहिली बांगडीही तिलाच भरायला लावली होती. भीमा दारात पाणी घेऊन उभी होती, आणि तिच्या चेहऱ्यावर पहिल्यांदाच थोडी धिटाई होती.

"आत्याबाई, समदं केलं," ती म्हणाली. "टेम्पो काल येऊन गेला. तुमची जर्मलची पाची भांडी जपून ठेवलीत."

पाची ऐकून मालनबाईला वाटलं, पोरीला नऊपर्यंत मोजताही येत नाही. ती फडताळाकडे गेली. वरच्या फळीवर तिच्याच जुन्या लुगड्याच्या चिंध्यांत गुंडाळलेली पाच गाठोडी ओळीने ठेवली होती. तिने पहिलं सोडलं. आतून पोचे आलेलं पातेलं निघालं, राखेने घासून घासून आरशासारखं केलेलं. दुसऱ्यातून कढी करायचा टोप, तिसऱ्यातून कान तुटलेली कढई.

आपल्याकडे ॲल्युमिनिअमला कोणी ॲल्युमिनिअम म्हणत नाही. इकडे जर्मन म्हणतात, भीमाच्या माहेरी जर्मल म्हणतात. तिच्या बापाच्या घरी जर्मलची तीन भांडी होती आणि त्यातली दोन दुष्काळात विकली होती. सासू जर्मनसाठी जिवावर उठते यात तिला काही नवल वाटलं नाही.

"काचंची कुठं हायेत?" मालनबाईचा आवाज इतका खाली गेला की बन्सी अंगणातून आत आला.

"फोडली की. तुमी सांगितल्यावानी." भीमाची धिटाई चेहऱ्यावरून उतरत चालली होती. "लई जड हुती. बुडं तर फुटंचनात."

पुढे अर्धा तास जे झालं ते आळीतल्या सगळ्यांनी ऐकलं. मालनबाईने पाचही भांडी अंगणात भिरकावली. पोरीच्या आईबापाचा उद्धार केला, पाथर्डीचा केला, ज्या मध्यस्थाने स्थळ आणलं त्याचा केला. बन्सी मधे पडला, म्हणाला, तिला काय म्हाईत आई, तूच जर्मन म्हनालीस, मोरपंखी म्हनाली असतीस तर तिनं निदान विचारलं असतं. त्यावर ती त्याच्यावर उलटली. पण ते शब्द तिला लागले होते, आणि लागले म्हणूनच ती जास्त ओरडत होती. पंचविसाव्या वर्षी पाट्यावर हात धरले तेव्हा ती ओरडली नव्हती. तेव्हाचं सगळं ओरडणं आता त्या पोरीच्या डोक्यावर पडत होतं.

मग एकदम थांबली आणि म्हणाली, चल. दोघीच टांग्यात बसल्या. श्रीरामपूरपर्यंत मालनबाई बोलत होती आणि भीमा रस्त्याकडेला वाळलेला ऊस बघत होती.

सूर्यभानच्या गोडाऊनमागे पत्र्याच्या शेडमध्ये काचेचा ढीग होता. बेलापूरचं पोतं कालच त्यावर रिकामं केलेलं. उन्हात ढिगाचा एक कोपरा निळा-जांभळा चमकत होता, त्यामुळे शोधावं लागलं नाही. मालनबाई खाली बसली आणि उघड्या हातांनी काच उपसायला लागली. भीमाने काच खडीसारखी फोडली होती, तुकडे सगळे एका मापाचे होते. सांधण्यासारखं काही राहिलं नव्हतं. फक्त बुडाच्या चकत्या जाड, त्या सबंध होत्या. मालनबाई एकेक चकती काढून कड अंगठ्याने तपासायची आणि पदरावर ठेवायची. राखुंडीचा वाडगा. कोंबड्यांची ताटली. नर्सबाईची फुलदाणी. बोटाला रक्त आलं तरी तिचं लक्ष नव्हतं.

"मला एका शब्दानं विचारलं का न्हाईस?" ढिगाकडे बघतच ती म्हणाली.

भीमा म्हणाली, "मीठ विचारलं तवा तुमी तीन दिस बोलला न्हाईत."

मालनबाई पुन्हा ढिगात हात घालून शोधायला लागली, आणि तिला राग काढायला दुसरं काही तरी हवं होतं, ते मिळालं. पदरावर चकत्या आठच होत्या. तिने सगळा कोपरा उपसला, पोतं उलटं करून झटकलं. नववी नव्हती.

ती उठली ती थेट सूर्यभानकडे गेली. वर्षानुवर्षांचा ओळखीचा माणूस, पण तिने त्याला चोर म्हटलं. सबंध भांडं बघून तू ते काढून घेतलंस, आत्ता दे, नाही तर पोलिसाला घेऊन येते. सूर्यभान आधी हसला, मग चिडला. म्हणाला, "बाई, मी फुटकी काच घेनारा मानूस. सबंध भांडं घेऊन त्याची काय पूजा घालू?" मालनबाई त्याच्या दिवंगत आईपर्यंत पोहोचली. हमाल काम टाकून बघायला आले. सूर्यभानने त्यांना फाटक उघडायला सांगितलं, म्हणाला, बोलवाच तुमी पोलिसाला, मीच टांगा देतो.

"आत्याबाई," भीमा मागून म्हणाली. "त्यांनी न्हाई नेलं."

मालनबाई वळली. पोरगी फाटकाच्या आणि सासूच्या मधे येऊन उभी राहिली होती.

"मी चोरलं."

मग तिने सगळं एका दमात सांगितलं. आठ फोडली, नववं खलबत्त्यापाशी धरलं तर दारातून ऊन आलं आणि त्याचे रंग हलले. दोनदा बत्ता उचलला, हात खालीच येईना. तुमी समदी फोडाया सांगितलं हुतं, म्हणून ते ठेवणं चोरी होती हे तिला कळत होतं. तरी तिने ते लग्नाच्या लुगड्यात गुंडाळून आपल्या पेटीत लपवलं. रोज दुपारी दार लावून मांडीवर घेऊन बसायची.

"हानायचं तर हाना," ती म्हणाली. "पर माझ्या बापाला सांगू नका."

मालनबाई पदरात आठ चकत्या धरून उभी होती. तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि सगळ्यांसमोर आलं म्हणून तिला त्याचाही संताप आला. ती पोरीजवळ गेली, तिचा घट्टे पडलेला हात मनगटाशी पकडला आणि गदागदा हलवला.

"भवाने," ती ओरडली, "एकच का चोरलंस?"